विटांचा रंग

विटा कापायचं कटर मशीन जवळा बाजार गावाहून भाड्यानं आणलेलं होतं आणि लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. होळीच्या नाचाआधी अंगणातल्या कडुलिंबाभोवती विटांची गोल फरशी पुरी करायची, म्हणून नेमसिंगनं सकाळपासून मान वर केली नव्हती. विटा भिजवत बसायला त्याला सवड कुठली? कोरड्या विटेवर पातं टेकलं की मशीन किंचाळायचं आणि लाल धुराळा उडायचा. शेवटची वीट बसली तेव्हा तो नखशिखांत लालेलाल झाला होता. तसाच तो हापशावर तोंड धुवायला निघाला.

होळीला रंगलेला गडी दिसला की तांड्यावरच्या बायका त्याला काठ्यांनी झोडपतात. होळी उद्यावर होती, पण बायकांनी लाल नेमसिंग बघितला आणि काठ्या उचलल्या. तो पळत अंगणात आला.

"अवो, हा इटांचा भुगा हाय, रंग न्हाई," तो हसत म्हणाला. "रुख्मिणी, तू तरी सांग यांना."

त्याच्या बायकोनं पदर खोचला आणि शेजारणीच्या हातातली काठी घेतली.

"सकाळपासून सांगून राहिले, इटा भिजवा म्हणून."

पहिली काठी तिचीच बसली. दुसरी पडायच्या आत नेमसिंग नव्या फरशीवर नाचायला लागला होता.