मालिशच्या खोलीतलं जंगल

झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवण्यात खेमराजचा हात धरणारा अर्जुनी मोरगावात कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चाले, तेवढे दिवस त्याला घर आठवत नसे. राजवाडा म्हणा, जंगल म्हणा, चांदण्यातलं तळं म्हणा. शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा तळ्याचं पाणी हलताना दिसे.

त्याची मुलगी मंजू नवऱ्याचं घर सोडून नागपूरला गेली होती. तिथे एका बाईकडे ती तेल-मालिशीचं काम शिकली आणि २०११च्या उन्हाळ्यात गावी परतली. स्टेशनच्या रस्त्यावर खोली घेऊन तिला बायकांसाठी दुकान काढायचं होतं. भाताची रोवणी करून कंबर धरलेल्या बायका, बाळंतिणी, गुडघ्यांनी बेजार झालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना तिथे आराम मिळावा असं तिच्या मनात होतं. नागपूरच्या बाईने तिची जागा बुद्धपौर्णिमेपर्यंत राखून ठेवली होती. तोवर गावातल्या बायका आल्या तर ठीक, नाहीतर मंजू परत जाणार. ती जायला नको, असं खेमराजला आतून फार वाटे. पण तसं म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. पोरीचं लहानपण ज्याने परगावी पडदे बांधण्यात घालवलं, त्याने कोणत्या तोंडाने म्हणावं?

"बाबा, खोली तुमीच सजवा," मंजू म्हणाली. "बाई आत आली का तिचा जीव खाली बसला पाह्यजे. जमीन, पानी, वारा, सबन तिथं असलं पाह्यजे."

खेमराजच्या डोक्यात पडदे तयारच होते. त्याने सरसात रंग कालवले आणि तो भिंतींना भिडला. जमीन म्हणून सागाचं जंगल, पाणी म्हणून चांदण्यातलं तळं, वारा म्हणून एकीकडे कललेले बांबू. मालिशच्या खाटेमागे तर त्याने आपला सगळा जीव ओतला. जेवण द्यायला आलेली शामकला, म्हणजे त्याची बायको, दारातच थबकली.

"पोरीच्या लग्नाचा मांडव त कधी असा नाई सजवला," ती म्हणाली. खेमराजने ते कौतुक समजून घेतलं.

पहिली आली ती शेजारची गीताबाई. खेमराज बाहेर ओट्यावर ऐटीत बसला होता. गीताबाई गेली तशी परत आली, पदर खांद्याभोवती घट्ट आवळून.

"काऊन जी, का झालं?" त्याने विचारलं.

"का सांगू भाऊजी. तुमचं चित्र लय मस्त आहे. पन तिथं पदर काहाडाले लाज वाटते. असं वाटते का समोर पब्लिक बसून आहे. आता घंटी वाजन आन सबन मलेच पाहतीन."

खेमराजने कपाळावर हात मारला. ह्या मुलखात जन्मलेलं प्रत्येक माणूस पोरवयापासून असल्या चित्रांसमोर जमिनीवर बसलेलं असतं. चित्रापुढे जो उभा राहील त्याला हजार माणसांनी बघायचं, ही इथली रीतच. आणि तो शहाणा मालिशच्या खोलीत रंगमंच उभा करून बसला होता. आणखी दोघी येऊन दारातूनच कौतुक करून गेल्या. मंजू म्हणाली, "राहू द्या बाबा, चित्र चांगलंच आहे." त्या संध्याकाळी ती अंगणात आपली प्रवासाची बॅग झटकताना दिसली. खेमराजला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच खोलीत गेला आणि खाटेवर आडवा झाला. उताणं झोपल्यावर वरचे टिनाचे पत्रे दिसत होते, पालथं झोपल्यावर गादी. डोळे मिटले तर त्याच्या हातचं तिथे काहीच उरत नव्हतं. त्याला वाईट वाटलं, स्वतःचा रागही आला. मग तो उठला आणि बादलीभर छुई, म्हणजे घरं पोतारतात ती पांढरी माती, भिजवून त्याने तळ्यावर पहिला हात मारला.

मंजू धावत आली. "कायले पुसून राहिले, बाबा?"

"पुसू दे. तू सांग, डोये मिटल्यावर तुले का पाह्यजे?"

मंजू दाराशी उभी राहून विचार करू लागली. "आई दुपारी घर सारवे," ती हळूच म्हणाली. "त्या ओल्या वासात मले झोप लागे."

मग बापलेक कामाला लागले. खेमराजने प्लॅस्टिकची चटई गुंडाळून फेकली आणि खालची मातीची जमीन दोघांनी सारवून काढली. खिडकीला वाळ्याची ताटी बांधून वर पाणी मारलं, तशी तापलेली लू गार होऊन आत येऊ लागली. गादीखाली भाताची नवी तणस, म्हणजे पेंढा, अंथरली, तिला शेताचा वास होता. कोपऱ्यात एक झिरपणारं मडकं टांगलं. त्याचं पाणी खालच्या गंगाळात थेंब थेंब पडत राहिलं. भिंती कोऱ्याच राहिल्या, फक्त छुईत विरघळलेल्या रंगांची किंचित हिरवट झाक उरली.

गीताबाईला पुन्हा बोलावलं. ती आत गेली आणि बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग घोरणं ऐकू आलं. ओट्यावरची शामकला तोंडाला पदर लावून हसली. उठून आलेली गीताबाई केस सावरत एवढंच म्हणाली, "उद्या सुनेले घेऊन येतो." सुनेमागून तिच्या मैत्रिणी आल्या.

बुद्धपौर्णिमेला विहारातली वंदना आटोपल्यावर मंजूने नागपूरला फोन करून आपली जागा दुसरीला द्यायला सांगितली. मग ती बापाला हाताला धरून दुकानात घेऊन गेली.

"बायकायच्या दुकानात मले कायले?" खेमराज कुरकुरला.

"आज सुट्टी आहे. पालथे झोपा."

तो झोपला. उजवा खांदा दगडासारखा झाला होता. मंजूने तिथे अंगठा रोवला.

"दुखते काय?"

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि त्याला रडूच फुटलं. उशीत तोंड खुपसून तो म्हणाला, "तू लहान होती तवा मी घरी राह्याले पाह्यजे होतो, मंजू."

मंजूने त्याच्या पाठीवरून तळहात फिरवला.

"आता आहो ना दोघंबी," ती म्हणाली, आणि तिने आणखी थोडं तेल हातावर घेतलं.