घट बसलेल्या घरातला जनरेटर

झाशीच्या सीपरी बाज़ारातल्या आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळला तो नेमका घट बसले त्याच दिवशी. जळायचंच होतं तर आधी जळायचं. पण नाही, दुष्काळात तेरावा महिना कुठे यायचा तर आमच्याच घरी.

आमचं घर म्हणजे मी सरला, आणि हे. रेल्वेतून हे रिटायर झाले, पाठोपाठ ह्यांची फुफ्फुसं पण झाली. नाकात नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन. ते खोलीतलीच हवा ओढतं, गाळतं आणि ह्यांना देतं. पण त्याला बिजली लागते. बिजली नाही तर ह्यांना श्वास नाही, म्हणून घरात पेट्रोलवरचा छोटा जनरेटर ठेवलाय.

"आई, बाबांना घेऊन हॉस्पिटलात जा ना," मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला. तिकडे राहून त्याचं मराठी सुधारलं, अक्कल होती तिथेच आहे. घट बसलेलं घर बंद करता येतं का? नऊ दिवस अखंड दिवा, त्याला तेल घालायला माणूस हवं. झाशीत येऊन आमच्या घराण्याला अडीचशे वर्षं झाली. निम्मं मराठी विसरलो, पण नवरात्रात घराला कुलूप कोणी घातलं नाही. आणि ह्यांनाही हॉस्पिटल नको होतं.

मग मी काय करायचं? दिव्यात तेल घाला, टाकीत पेट्रोल घाला, ह्यांना औषध द्या, की पुन्हा दिवा. गल्लीच्या तोंडाशी भाजीचा ठेला उभा असायचा, तिथवर जाता येईना. ट्रान्सफॉर्मर आज येतो, उद्या येतो चाललं होतं. खुंट्याला बांधलेली गाय तरी दोन पावलं फिरते. मला रडू यायचं आणि रडायला पण जागेवरून उठायची सोय नव्हती.

जनरेटर बाहेर चबुतऱ्यावर होता. पंचमीच्या सकाळी समोरचे वकीलसाहेब आले. "भाभीजी, अम्मा का बीपी बढ़ रहा है. ये भट-भट पीछे कर लीजिए."

मागे म्हणजे आमचं अंगण. माकडांपायी आम्ही त्यावर पत्रा घातलाय, आणि बाजूच्या जाळीला प्लास्टिक ठोकलंय. वकीलसाहेबांनीच उचलून तिथे ठेवला. वायर स्वयंपाकघराच्या दारातून आत घेतली, म्हणून ते दार उघडं. पुढचं दार नि खिडक्या मात्र घट्ट बंद, कारण वाऱ्याने दिवा गेला असता तर सासूबाई स्वर्गातून उतरून मला जाब विचारत्या.

दुपारपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं. मळमळत होतं, गुडघ्यात जीव नव्हता. म्हटलं, पाचवा उपवास, पित्त झालं. नुसत्या भगरीवर राहिलं की दर नवरात्रात एक दिवस हे होतंच. लिंबू-साखरेचं पाणी प्यायले नि भिंतीला टेकून बसले. हे शांत झोपले होते. किती महिन्यांनी असे झोपले म्हणून मला उलट बरंच वाटलं.

तेवढ्यात मऊरानीपूरहून माझी नणंद चंपा आली. दरवर्षी पंचमीला ती देवीला वेणी घेऊन येते. दार उघडून आत येताच तिने पदर नाकाला लावला.

"वहिनी, काय कोंडलंय घरात. डोळे चुरचुरतायत."

"वन्सं, आधी दार लावा. दिवा जाईल."

तिने दार लावलं, वेणी ठेवली, आणि ह्यांच्या खांद्याला हात लावला. "दादा." पुन्हा "दादा." मग तिने हलवलं. मान एका बाजूला कलंडली.

खोटं कशाला बोलू. एक क्षण माझ्या मनात आलं, झालं, संपलं. आणि त्या एका क्षणात मला हलकं वाटलं. मग स्वतःचीच अशी भीती वाटली की मी उठले ते धडपडतच.

ह्यांचा श्वास बारीक चालू होता, आणि वन्संचं ते 'कोंडलंय' तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. अंगणातला धूर घरात, घरातला मशीनमध्ये, आणि मशीनमधून सरळ ह्यांच्या नाकात. सकाळपासून मीच पाजत होते.

मी नळी काढली आणि पुढचं दार सताड उघडलं.

"वहिनी, दिवा," वन्सं म्हणाल्या.

"जाऊ दे दिवा. पाय धरा."

ह्यांना गादीसकट ओढत चबुतऱ्यावर आणलं. मला तिथेच ओकारी झाली. आवाज ऐकून वकीलसाहेब आले. पाहिलं, आणि नाकाला रुमाल बांधून आत गेले. जनरेटर बंद करून बाहेर आणला, त्यांच्याच दारापाशी ठेवला, आमच्यापासून लांब. "अम्मा को मैं देख लूँगा," म्हणाले आणि ऑटो आणायला धावले. वन्संनी मशीन नि वायर बाहेर आणून जोडली.

ह्यांनी डोळे उघडले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि एकेक शब्द ओढत म्हणाले, "अगं... मला वाटलं... आज सुटलीस तू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं ह्या माणसाला चहात साखर कमी पडलेली कळली नाही, आणि नेमकं हे कळलं. कुठे जाणार होते मी सुटून? भाजीच्या ठेल्यापर्यंत?

"बोलू नका. श्वास घ्या," एवढंच म्हटलं, आणि नळी त्यांच्या नाकात बसवली. मग वकीलसाहेबांच्या दाराशी जाऊन जनरेटरची दोरी ओढली. दोनदा ओढावी लागली.