मोरीतला वास

"साहेब, सरका बाजूले. फरशीचा तुकडा डोळ्यात जाईन," म्हणत शाहिद मिस्त्रीने हातोडा उचलला.

"थांब." न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उकिडवे बसलेल्या पुंडलिकरावांनी हात आडवा धरला. "तोडायच्या आधी एकदा आत हात घालून पायतो."

"दिवाळीपासून हातच घालून राह्यले ना तुमी! अख्खा मोहल्ला हासते. पानीपुरवठ्याच्या ओव्हरसिअरच्याच घरात गटार घुसलं म्हन्तेत."

पुंडलिकराव हसले नाहीत. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला, दारव्ह्याच्या आसपास गावोगावी नळ पोहोचवण्यात हयात घालवलेला माणूस स्वतःच्या मोरीतल्या वासापुढे हतबल व्हावा, हे त्यांच्या जिव्हारी लागले होते. वास सकाळी नसे. दुपार कलली की दाराखालून सरपटत निघे आणि दिवेलागणीपर्यंत बैठकीत येऊन बसे. निवृत्त माणसाला वेळ भरपूर, म्हणून त्यांनी शोध क्रमाने घेतला होता. सेप्टिक टाकीच्या झाकणांच्या फटी लिंपल्या, गच्चीवरच्या हवेच्या पाइपात पक्ष्याने केलेले घरटे काढले, बेसिनखालचा पाइप सोडून धुतला. शेवटी उरला होता तो जमिनीतला नहाणी ट्रॅप. जाळीखालच्या त्या भांड्यात पाणी साठून राहते आणि टाकीतल्या दुर्गंधीची वाट अडवते, एवढेच त्याचे काम. पण सकाळी काठोकाठ असलेले पाणी संध्याकाळी तळाला गेलेले दिसे. पाणी जाते, म्हणजे ट्रॅप तडकला. निष्कर्षात खोट काढायला जागा नव्हती, म्हणूनच आज मिस्त्री आला होता.

रोज संध्याकाळी ते घराच्या मधोमध उभे राहून नाक वर करीत आणि जाहीर करीत, "आला, पाय! येऊन राह्यला वास!" त्यांच्या पत्नी विमलताई तेव्हा उठत आणि मागच्या अंगणात निघून जात. आपल्या रोजच्या घोषणेला ती कंटाळली असावी, असे त्यांनी धरून चालले होते.

त्यांनी बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. भांड्याच्या कडेपलीकडे, जिथून पाइप सुरू होतो तिथे, बोटांना काहीतरी बुळबुळीत लागले. ओढले तसे ते लांबत लांबत बाहेर आले. कापसाचा पेळू! त्याचे एक टोक भांड्यातल्या पाण्यात बुडालेले आणि दुसरे कडेवरून पाइपात लोंबकळलेले. दिव्यातली वात जसे तेल वर ओढते, तसेच हा कापूस दिवसभर थेंबाथेंबाने पाणी ओढून पलीकडे टाकत होता. ट्रॅप शाबूत होता!

"अवं विमल! सापडला! ये इकडं, पाय!" ते लहान मुलासारखे ओरडले.

विमलताई कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. नवऱ्याच्या हातातली वस्तू पाहताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

पेळूच्या मुळाशी जुन्या लुगड्याच्या चिंधीची एक घडी होती. कडेने दोऱ्याचे टाके घातलेली. आतल्या कापसात एक सरकी तशीच राहून गेली होती.

"हे काय व्हय?" शाहिद वाकला. "कापूस? मोरीत?"

पुंडलिकरावांनी पुन्हा बायकोकडे पाहिले. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. कणकेने भरलेला हात पदराकडे गेला होता आणि पदराने तोंड झाकले होते. काय घडते आहे ते त्यांना कळले नाही. पण काहीतरी घडते आहे, एवढे कळले. त्यांनी मूठ मिटली.

"माहा हाये," ते म्हणाले. "थंडीचा कानात घालतो."

"येवढा? साहेब, तुमचे कान हायेत का बैलबंडी? यंदा कापसाले कोनी विचारून नाई राह्यलं, म्हनून तुमी कानात भरून ठेवला का?"

"जा तू आता. फरशी तोडायची नाई."

शाहिद हसत हसत हातोडा घेऊन गेला. ही गोष्ट तो चौकात सांगणार हे पुंडलिकरावांना ठाऊक होते. त्यांनी पुढचे दार लावले, हात धुतले आणि पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसले.

"काय हाये हे, विमल?"

"कांताबाईच्या घरचा."

शेजारच्या कांताबाईंच्या बैठकीत त्या साली आढ्यापर्यंत कापूस पडून होता. खरेदी केंद्र बंद, व्यापारी फिरकेना. वातींसाठी मूठभर मागितला, तर त्या सूपभर देत.

"थो त समजलं. पन मोरीत काहून?"

विमलताई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "मले लघवी थांबत नाई. खोकलं का जाते, शिंकलं का जाते. दोन वर्सं झाले. घड्या शिवून बांधतो म्या. धुताना जाळी काढतो, तवा एखांदी हातातून सुटत असन."

"दोन वर्सं! आन् मले सांगतलं नाई?"

"कायले सांगू? तुमी त रोजच म्हनत होते, वास आला, वास आला. मी जवळ बसलो का नाक वर करत होते."

"अवं, थो गटाराचा..."

"मले वाटे, माहाच हाये."

पुंडलिकरावांनी मान वर करून बायकोकडे पाहिले.

"तुमी टाकी लिंपली, पाइप धुतले," त्या सांगत होत्या, "मी म्हनलं, मानूस भला हाये. बायकोले तोंडावर म्हनवत नाई, म्हनून मोरीवर घेऊन राह्यला."

पुंडलिकरावांना प्रत्येक संध्याकाळ आठवली. नाक वर करून, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात आपण कुणाला काय सुनावत होतो!

"आपल्या लेकीच्या, सुरभीच्या पोरीले मांडीवर नाई घेतलं म्या," विमलताई म्हणाल्या. "पुसदले गेलतो तवा. कंबर दुखते म्हनलं. पोरगी हात पसरून राह्यली होती."

"विमल, आयक." त्यांनी मोरीकडे बोट केले. "हा वास टाकीतला हाये. कापसानं ट्रॅपमधलं पानी ओढलं, वाट मोकळी झाली. तुया काई संबंध नाई."

"कापूस त माहाच ना?"

मोरीतला नळ ठिबकत होता.

"उद्या यवतमाळले जाऊ," शेवटी ते म्हणाले. "डॉक्टरीनबाईले दाखवू. याले इलाज असते."

"तुमाले कसं मालूम?"

"मालूम नाई. विचारू."

ते उंबऱ्यावर थोडे सरकले. विमलताईंनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिले, हाताची कणीक पदराला पुसली आणि अंग चोरून बसल्या. त्यांच्या लुगड्याला साबणाचा वास येत होता. सकाळी मोरीत आणि नंतर मागच्या अंगणात, अशी दिवसातून तीन-तीनदा अंघोळ करणाऱ्या माणसाला येतो, तसा.