मधला खांब

जावई इंजिनिअर होता आणि त्याचा धंदाच मुळी इमारती मनातल्या मनात पाडून बघण्याचा होता. नकाशावरचा एकेक खांब काढायचा आणि उरलेले खांब-तुळया भार वाटून घेतात की सगळं पत्त्यांच्या बंगल्यासारखं खाली येतं, ते तपासायचं. बायकोच्या मोठ्या भावाची इमारत त्याने अशीच आखली होती. खाली मेहुण्यांचं फर्निचरचं दुकान, वर चार मजले भाडेकरू. "एक खांब गेला तरी पडणार नाही," असं उद्घाटनाला तो छाती फुगवून बोलला होता. तेच आता अंगाशी आलं.

"जावईबापू, तो मधला खांब काढतोय," जेवताना मेहुणे म्हणाले. "सोफे दिसत नाहीत. सोमवारी माणसं येतायत."

जावयाने हातातला घास ताटात परत ठेवला. "दादा, ती सोय अपघातासाठी आहे. ट्रक धडकला, स्फोट झाला, तर लोकांना बाहेर पडता यावं म्हणून."

"म्हणजे पडणार नाही ना?"

"लगेच नाही."

"झालं तर मग."

जावयाने पाच पेले मांडले, वर ताट ठेवलं आणि मधला पेला काढला. ताट ढिम्म हललं नाही. आणखी एक पेला काढला की ताट कसं कोसळतं ते दाखवण्याआधीच मेहुण्यांनी टाळी वाजवली. जावयाला स्वतःचाच राग आला. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची दोन लहान मुलं त्याच्या डोळ्यांसमोरून हलेनात, पण मेहुणे आता सोफ्यांचंच बोलू लागले.

बायको मात्र भावाच्या गाडीची किल्ली घेऊन खाली गेली. बऱ्याच वेळाने हात काळे करून परत आली.

"दादा, तुझी स्टेपनी काढून ठेवली. उगाच जागा अडवत होती. गाडी चार चाकांवर छान चालते."

"वेडी आहेस का? एवढ्या लांब जायचंय मला. वाटेत चाक बसलं तर?"

"तेच हे मघापासून सांगतायत," बायको म्हणाली आणि हात धुवायला गेली.

बाजूला काढलेला पेला मेहुण्यांनी स्वतःच उचलून ताटाखाली सरकवला आणि सोमवारच्या माणसांना फोन लावला.

पुढे जावई दुकानात गेला, तेव्हा खांबाला चारही बाजूंनी आरसे लागले होते. मेहुणे एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमचे जावई हा खांब काढायला निघाले होते. मीच अडवलं."

जावयाने खांबावर हलकेच थाप मारली. खांब जागेवर होता. श्रेय मेहुण्यांना लखलाभ.