शेवट वाल्दोराला

“एल्वियो, हळू घे. हात हलतोय माझा.”

एल्वियोने मोटरसायकलचा वेग कमी केला. मागे बसलेल्या नीवेसने पाटी मांडीवर घट्ट धरली, रॉकेलच्या बोळ्याने आधीचे आकडे पुसले आणि मेणाच्या जाड खडूने नवे आकडे काढले. दोन मिनिटं दहा सेकंद. पावसाची भुरभुर सुरू होती, पण मेणाचा खडू पाण्याला दाद देत नाही. टपाल कचेरीत पार्सलांवर नंबर टाकायला हाच खडू वापरायची ती. एकोणीस वर्षांपूर्वी शर्यतीचं काम मिळालं तेव्हा पहिल्याच दिवशी दोन कांड्या खिशात टाकून आली होती.

नीवेस कांदोत्ती बावन्न वर्षांची होती. वर्षातले एक्कावन्न आठवडे ती तोल्मेत्सोच्या टपाल कचेरीत खिडकी नंबर तीनच्या मागे बसायची. मे महिन्यातला एक आठवडा रजा टाकून एल्वियोच्या मागे बसायची. इटलीतल्या फ्रिऊलीच्या या पाच दिवसांच्या सायकल शर्यतीत कानात यंत्र लावायला बंदी होती. त्यामुळे पुढे निसटलेल्या स्वाराला मागचा घोळका किती लांब आहे हे कळायचं ते नीवेसच्या पाटीवरून. पुढचा स्वार एखाद्या चर्चपाशी किंवा पुलापाशी आला की ती घड्याळाची कळ दाबायची, घोळका तिथं पोचला की पुन्हा दाबायची. मग एल्वियो गाडी दामटून पुढे न्यायचा.

आज शेवटचा दिवस होता. पुढे एकटाच उरला होता लोरिस फावारेत्तो. सकाळी पाच जण निसटले होते, चार जण एकेक करून गळाले.

लोरिस चौतीस वर्षांचा होता आणि तेरा वर्षं पगारी सायकलस्वार होता. या तेरा वर्षांत त्याने संघाच्या पुढाऱ्यासाठी वारा अडवला, पाण्याच्या बाटल्या वाहिल्या, स्वतःचं चाक काढून दुसऱ्याला दिलं. स्वतः एकदाही जिंकला नव्हता. ऑक्टोबरमध्ये करार संपत होता आणि नवा कुणी देऊ केला नव्हता. सकाळी सुरुवातीच्या चौकात कॉफी पिताना तो नीवेसला म्हणाला होता, “मेव्हण्याचं टायरचं दुकान आहे. बसीन तिथं. चाकांशी संबंध तरी राहील.”

“आणि आज?”

“आज पुढे जायचं. म्हणजे मागे आमच्या संघाला घोळका ओढायला नको. डोंगराच्या पायथ्याला मला पकडतील, मग वर तो स्लोव्हेनियाचा पोरगा जाईल सगळ्यांच्या पुढे. पेपरात आलंय सगळं. तू वाचलं नाहीस?”

नीवेसने वाचलं होतं. शर्यत माल्गा नेराच्या माथ्यावर संपणार होती, अकरा किलोमीटरचा उभा चढ. वीस वर्षांचा मातित्स ह्रिबार चार दिवसांच्या एकूण वेळेत पहिल्यापेक्षा फक्त चौदा सेकंदांनी मागे होता, आणि चढावर त्याला धरणारा कुणी नव्हता. हजारो लोक पहाटेपासून खुर्च्या, छत्र्या घेऊन वर जाऊन बसले होते. लोरिसचं नाव पेपरात भाग घेणाऱ्यांच्या यादीत होतं, एकशे सत्तेचाळीस नंबर, बास.

तिने त्याला पाटी दाखवली. त्याने नेहमीसारखी नुसती मान हलवली. दवाखान्यातला कागद वाचावा तसा तो पाटी वाचायचा, चेहऱ्यावर काही न दाखवता.

तेवढ्यात तिच्या हेल्मेटमधल्या रेडिओत खरखर झाली आणि संचालकांचा आवाज आला. वर गारा पडल्या होत्या, तिसऱ्या वळणावर दरड खाली आली होती. दरडीखाली कुणी आलं नव्हतं, पण रस्ता बंद. “चढ रद्द. शेवट पायथ्याच्या वाल्दोराला, वखारीसमोर, जिथं वाटेतल्या जादा गुणांची मधली रेघ आहे तिथंच. राहिले एकोणीस किलोमीटर. नीवेस, पुढच्याला सांग, मग घोळक्याला. दोघांना सारखंच.”

“ऐकलंस?” एल्वियो म्हणाला. “डोंगरच काढून टाकला.”

नीवेसने लिहिलं: शेवट वाल्दोरा. १९ किमी. लोरिसच्या शेजारी जाऊन पाटी धरली. त्याने वाचली आणि चिडून हात झटकला. त्याला वाटलं मधल्या रेघेबद्दलच काहीतरी आहे.

पाटीवाल्याने बोलायचं नसतं. पण हा आकडा नव्हता, हुकूम होता. नीवेस ओरडून म्हणाली, “चढ नाही. दरड पडली. शर्यत वाल्दोरालाच संपतेय.”

“वर नाही जायचं?”

“नाही.”

“खरं सांगतेस?”

“मी खोटं कधी सांगितलं?”

लोरिसने दहा-बारा पायडल तसेच मारले. मग त्याने पाठीच्या खिशातला पाव काढून घाईघाईने तोंडात कोंबला, उरलेली बाटली रस्त्याकडेला फेकून दिली आणि हँडल खालून धरलं. सकाळपासून तो नोकरी करत होता. आता कुठे शर्यत सुरू झाली.

एल्वियोने गाडी कडेला उभी केली. घोळका आला तशी नीवेसने पाटी डोक्यावर धरली. शंभर-सव्वाशे जणांच्या त्या गर्दीत बातमी वाऱ्यासारखी मागे गेली. सपाटीवर सुसाट जाणारे गडी आतापर्यंत मागे गप्पा मारत होते, चढावर त्यांना काम नव्हतं. ते एकमेकांना हाका मारत पुढे सरकले. मातित्स ह्रिबार मात्र पाटीशेजारून जाताना मान वळवून बघतच राहिला. त्याच्या ओठांची हालचाल झाली, पण शब्द काही तिला ऐकू आले नाहीत.

“पोराचं वाटोळं झालं,” एल्वियो म्हणाला.

“गाडी चालव.”

अकरा किलोमीटर राहिले तेव्हा अंतर उरलं एक मिनिट वीस. समोरून वारा होता. मागे तीन संघ आळीपाळीने ओढत होते, पुढे लोरिस एकटा. त्याच्या संघाची गाडी मागे पुढाऱ्यापाशी होती, त्यामुळे त्याला धीर द्यायला, शिव्या घालायलाही कुणी नव्हतं. नीवेसने पाटी दाखवली, त्याने मान हलवली.

पाच किलोमीटर राहिले तेव्हा तिने एका पेट्रोल पंपापाशी पुन्हा वेळ घेतली. चौतीस सेकंद.

ती खडू हातात धरून बसली. एल्वियोने आरशातून तिच्याकडे पाहिलं. “पन्नास लिही.”

“काय?”

“अगं पन्नास लिही. चौतीस बघून खचेल तो. म्हातारा माणूस आहे, जरा धीर येईल. कोण तपासायला येतंय?”

नीवेस तेवीस वर्षांची असताना स्वतः सायकल शर्यती करायची. उदिनेजवळच्या एका शर्यतीत ती अशीच एकटी पुढे होती. तेव्हाचा पाटीवाला भला माणूस होता, ओळखीचा होता. पोरीला हुरूप यावा म्हणून त्याने वीस सेकंदांचं एक मिनिट करून दाखवलं. तिने सुटकेचा श्वास टाकला, शेवटच्या जोरासाठी पाय थोडे राखले, आणि रेघेच्या दोनशे मीटर अलीकडे चाकांचा आवाज तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेला. अकरावी आली. त्या हिवाळ्यात तिने टपाल खात्याची परीक्षा दिली. पाटीवाला पुढे अनेक वर्षं भेटला की प्रेमाने चौकशी करायचा, आणि तीही हसून बोलायची. आपण काय केलं ते त्याला कधी कळलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

“चौतीस आहेत,” ती म्हणाली, “चौतीसच लिहिणार.”

लोरिसने आकडा वाचला. या वेळी त्याने मान हलवली नाही, पाटीवरून नजर उचलून तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिनेही पाहिलं. मग तो जवळजवळ हँडलवर आडवा झाला, जड गिअर टाकला आणि पुढचं वळण ब्रेकला हात न लावता घेतलं.

“राखून ठेवलं होतं गड्याने,” एल्वियो म्हणाला.

“राखलेलं आता काढलं.”

अंतर तीस सेकंदांच्या खाली आलं की मोटरसायकलींनी मधून निघून जायचं असतं. ते वाल्दोराला पुढे पोचले. गावात शिरताना एक अरुंद दगडी पूल आणि लागोपाठ दोन वळणं होती. एकट्याला सोपी, घोळक्याला अवघड. वखारीसमोर रस्त्यावर चिकटपट्टीची पांढरी रेघ होती आणि बाजूला टेबलावर कॅमेरा लावून बसलेला एक पंच. कमान, बँड, फुलं, माणसं, सगळं अकरा किलोमीटर वर. इथं वखारीचे सहा कामगार होते आणि भाजीची पिशवी घेतलेली एक बाई.

नीवेस हेल्मेट काढून ओंडक्यांपाशी उभी राहिली. पुलावर आधी लोरिस दिसला. तो मान खाली घालून, खांदे हलवत येत होता. मागोमाग घोळका पुलावर चेपला, लांबट झाला, आणि बाहेर पडून धावत सुटला. वखारीच्या माणसांना कोण काय ते माहीत नव्हतं, तरी त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोरिस रेघेवरून गेला. तीन सायकली मावतील एवढं अंतर टाकून बाकीचे आले.

लोरिस मात्र थांबला नाही. हात वर केले नाहीत, मागे पाहिलं नाही, तसाच वखारीच्या पुढच्या वळणावरून दिसेनासा झाला.

“अरे, हा कुठे चालला?” एल्वियो म्हणाला.

त्यांनी त्याला अर्ध्या किलोमीटरवर गाठलं, बंद केलेल्या घाटाच्या तोंडाशी. तो अजून जिवाच्या आकांताने पायडल मारत होता.

“लोरिस, थांब.”

“किती?” त्याने धापा टाकत विचारलं.

“किती नाही. संपली.”

“कुठे? कमान कुठे आहे?”

“कमान नव्हती. वखारीपाशी रेघ होती, मागे राहिली.”

तो थांबला. एक पाय जमिनीवर टेकवून त्याने मागे पाहिलं. ओला, रिकामा रस्ता. “मला पकडलं कुणी?”

“नाही.”

“कुणीच?”

“कुणीच नाही, लोरिस. तू पहिला आलास.”

त्याने कपाळ हँडलवर टेकवलं. एल्वियोने इंजिन बंद केलं आणि उगाच नदीकडे पाहत राहिला.

ते परत आले तेव्हा मातित्स ह्रिबार ओंडक्यावर एकटा बसला होता. चौदा सेकंद तसेच राहिले होते. पाच दिवसांच्या एकूण वेळेत तो दुसरा आला होता. नीवेस जवळून जाताना तो मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये म्हणाला, “पाटी वाचली तेव्हा वाटलं, बाई चुकल्या.”

“मी चुकत नाही.”

“तेच आमच्यातला एक जण म्हणाला. मग फार वाईट वाटलं.” त्याने नाक पुसलं. “पुढच्या वर्षी ठेवतील हा डोंगर?”

“डोंगर कुठे जातोय? रस्ता नीट होईल की नाही ते नगरपालिकेला विचार.”

तो थोडासा हसला. मग उठला, लोरिसपाशी गेला, आणि त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिला.

बक्षीस समारंभाचं सामान वर अडकलं होतं, ते यायला तास लागणार होता. संघाच्या गाडीतून लोरिसचा प्रशिक्षक आला, त्याला मिठी मारून म्हणाला, “टायरचं दुकान जरा लांबणीवर टाक. मी मालकांशी बोलतोय.” आणि फोन कानाला लावून निघून गेला. लोरिस कुडकुडत होता. वखारीतल्या एकाने त्याच्या अंगावर आपला लांब डगला टाकला, भुशाने माखलेला.

तोवर डोंगरावरचे लोक जंगलातल्या पायवाटेने उतरायला लागले होते, भिजलेले, घड्या घातलेल्या खुर्च्या काखेत मारून. एक वयस्क जोडपं ओंडक्यापाशी दम खायला टेकलं.

“कोण जिंकलं हो?” म्हाताऱ्याने डगला पांघरलेल्या लोरिसला विचारलं.

“फावारेत्तो.”

“कोण?”

“आहे एक. त्रेविझोकडचा. तेरा वर्षं झाली चालवतोय.”

“आम्ही नाव ऐकलं नाही कधी,” म्हातारा म्हणाला.

“नसेलच ऐकलं.”

“तुम्ही पाहिलीत?”

“शेवट तेवढा नीट नाही दिसला.”

नीवेस बोलायला पुढे झाली आणि थांबली. म्हातारीने थर्मास उघडून झाकणात चहा ओतला आणि गारठलेला दिसला म्हणून त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. झाकण परत घेताना तिची नजर डगल्याखालच्या त्याच्या बुटांवर गेली, मग ओंडक्याला टेकवलेल्या सायकलवर, तिच्यावरच्या एकशे सत्तेचाळीस नंबरवर. तिने झाकण पुन्हा काठोकाठ भरलं आणि त्याच्या हातात दिलं.