ढावलोच्या मागची खरखर

शामनं सकाळपासून पंखा बंद केला, फ्रीजची पिन काढली, कोंबड्या डालल्या. तरी कॉम्प्युटरमधली ती मेली खरखर जायचं नाव घेईना. दोनच्या गाडीनं आईला, जमनीला, नागपूरला न्यायचं होतं. उद्या डॉक्टर तिचं स्वरयंत्र काढणार होते. जमनी वाचणार होती, पण तिचा आवाज जाणार होता.

आणि होळीनंतर सोनूचं, शामच्या लेकीचं, लग्न. बंजाऱ्यांच्या तांड्यातून निघताना नवरी घरच्यांच्या गळ्यात पडून रडत रडत ढावलो म्हणते, आणि तो तिला घरातली म्हातारी शिकवते. सोनू परीक्षेपायी अमरावतीत अडकलेली. म्हणून आवाज जायच्या आत आईचा ढावलो कॉम्प्युटरात भरून ठेवायचा हा सगळा खटाटोप.

शामचं दिग्रसला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. या कामासाठी त्यानं खास नवं साउंड कार्ड आणलं होतं. खोक्यावर 'चोवीस बिट' वाचून गडी हुरळला होता. जितके बिट जास्त तितका बारीक आवाज टिपला जाणार, हे त्याचं गणित. पण त्यातले शेवटचे सात-आठ बिट कार्डाच्या स्वतःच्याच खरखरीनं भरलेले असतात, हे खोक्यावर कोण छापतो? आईचा बसलेला आवाज नेमका त्या खरखरीत जाऊन पडत होता. तो वाढवला की खरखरही वाढे. दांडीवरचा माइक तोंडाशी नेला की जमनी मागं सरकून गप्प होई.

साडेबारा वाजले. गाडीला दीडच तास उरला.

"याडी, जवळून म्हन ना."

"कोनाच्या गळ्यात पडल्याबिगर ढावलो निंगत नाही बाप्पा," जमनी घोगरं बोलली. "या दांडीच्या गळ्यात पडू का?"

शाम आपल्याच अकलेवर चिडला. जन्म तांड्यात गेला, अन् म्हातारीला लोखंडी दांडीपुढं रडायला बसवलं. त्यानं माइक काढून आपल्या कॉलरला अडकवला आणि तिच्यापुढं बसला.

"ये. माह्या गळ्यात पड."

जमनीनं पदर डोक्यावर ओढला, त्याच्या मानेला मिठी घातली आणि सूर लावला. पडदा त्याच्या पाठीमागं होता. आवाज उमटतोय की नाही, दिसायला मार्ग नव्हता, आणि मान वळवायची त्याची छाती होईना. तिचा श्वास तुटत होता. मधेच सूर सुटला तर परत लागणार नाही, या भीतीनं शाम अंग आखडून बसला.

गाणं संपलं तसा तो कॉम्प्युटरवर झेपावला. आवाज होता, भरदार, आणि खरखर पार तळाशी गेलेली. पण प्रत्येक कडव्यानंतर दुसरंच काही ऐकू येत होतं: त्याचे स्वतःचे हुंदके. आपण रडलो, हे त्याला आत्ता कळलं.

"याडी, अजून एक खेप. मी मधात रडून राह्यलो यात."

जमनीनं तोंड उघडलं. आवाज उमटलाच नाही. तिनं त्याला जवळ ओढलं आणि कानाशी नुसत्या श्वासानं म्हणाली,

"राहू दे. तिथं थांबाचंच असते. बाप रडते, तवा पोरगी दम घेते. तेबी शिकू दे तिले."