डब्यावरची गाय

आमच्या गावात पाहुण्यासमोर बिनसाखरेचा चहा ठेवला, तर पाहुणा तोंडावर काही बोलत नाही. पण तो गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत तुमच्या कंजूषपणाची दवंडी पिटलेली असते. साखर कारखान्याच्या भोंग्यावर उठणारं आणि जेवणारं गाव हे. अशा गावात मी, वुर्यानी, सार्तिनेमबाईंची धाकटी सून, माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला साखर देऊ नका म्हणून सांगत फिरत होते. लोक मला वेडी म्हणत नव्हते, हेच नवल.

भांडण होतं एका डब्यावरून. घट्ट, पिवळसर, गोड दुधाचा डबा. चमच्याने काढायचं, कोमट पाण्यात कालवायचं, बाटलीत भरायचं, पोर गप्प. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई मला स्पष्ट म्हणाल्या होत्या, "हे दूध नव्हे बाई, ही दुधाचा वास लागलेली साखर आहे. दोन वर्षांची होईपर्यंत हिला साखरेचा कणही नको." मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी डबा फिरवून माझ्यासमोर धरला.

"न्दुक, हे काय आहे?"

आमच्याकडे लेकीसारख्या पोरीला न्दुक म्हणतात आणि आईला, सासूलाही, इबू. सासूबाई रागावल्या तरी मला न्दुकच म्हणायच्या, त्यामुळे त्यांच्याशी धड भांडताही यायचं नाही.

"गाय," मी म्हणाले.

"गाय काय देते?"

"इबू, चित्रातली गाय काही देत नाही."

"मग तुझी डॉक्टरीण देते का? माझा सुप्रिह याच दुधावर वाढला. तुला नवरा म्हणून चालला ना?"

सुप्रिह, म्हणजे माझा नवरा, दूर बाताम बेटावर जहाजांचं वेल्डिंग करतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "तू आणि आई बघा ना काय ते. मी इथून काय करू?" इथे असता तरी त्याने काय दिवे लावले असते, ते मला ठाऊक आहे.

घरात पुरावा मात्र रोज डोळ्यांसमोर हिंडत होता. माझ्या नणंदेची मुलगी निंग्रुम, पाच वर्षांची, याच आजीच्या हाताखाली आणि याच बाटलीवर वाढलेली. तिच्या पुढच्या दातांचे काळे खुंट झालेत. हसताना ती तोंडावर हात धरते. तिला भात कुस्करून द्यावा लागतो. दाढ ठणकायला लागली की सासूबाई लवंगेचं तेल लावतात, आणि तरी रडणं थांबलं नाही तर पुन्हा तीच बाटली देतात. म्हणतात, "दुधाचेच दात, आज ना उद्या पडायचेच." माझ्या लारासला खाली दोन दात आले होते, तांदळाच्या कण्यांसारखे. मी रोज संध्याकाळी घरी आले की आधी ते दात बघायची.

संध्याकाळी, कारण दिवसभर मी हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर. बाळंतपणाची रजा संपली होती. लारासला सासूबाईंकडे ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसून दूध काढायची, बर्फाच्या पिशवीतून घरी आणायची, फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी हेच पाजा म्हणून हात जोडून सांगायची. एका सकाळी बस चुकली म्हणून मी अर्ध्या वाटेवरून परत आले, तर सासूबाई मागच्या अंगणात पपईच्या बुंध्याशी माझ्या दुधाची बाटली उलटी करत होत्या.

"इबू, काय करताय?"

त्या दचकल्या नाहीत, ओशाळल्याही नाहीत. "थकलेल्या बाईचं दूध शिळं होतं, न्दुक. तू दिवसभर घामात, मशीनच्या धुरळ्यात. माझ्या नातीला शिळं पाजू?"

मी तिथेच पपईखाली बसून रडले. त्या दिवशी मला त्या बाईचा इतका राग आला की तो पोटात मावेना.

आणि त्यांनी तो रागही मला सुखाने धरू दिला नाही. त्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगू लागल्या. उपासमारीची वर्षं होती. आईला दूध येत नव्हतं, म्हणून भावाला पेज पाजत. साखर कारखान्याच्या साहेबांची मुलं व्हरांड्यात बसून डब्यातलं दूध प्यायची, आणि सासूबाई, तेव्हाची लहानगी सार्तिनेम, भावाला कडेवर घेऊन कुंपणापाशी उभी राहायची. भाऊ त्या पेजेवर जगला नाही. "तेव्हा मी ठरवलं," त्या म्हणाल्या, "माझ्या घरातल्या पोराला पेज नाही, डबा मिळेल." त्यांनी माझे डोळे त्यांच्या लुगड्याच्या टोकाने पुसले. आता अशा माणसाशी कुणी कसं लढायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेवढ्यात आणखी वाईट झालं. लारास माझं दूध प्यायला नको म्हणू लागली. छातीशी घेतलं की तोंड फिरवायची आणि बाटलीसाठी हात पसरायची. बाटलीतलं गोड, माझं अळणी.

मग मला एकच आशा उरली, ती म्हणजे म्बाह केर्ती. म्बाह म्हणजे आजी. ही गावची म्हातारी सुईण. सासूबाई डॉक्टरचं ऐकणार नाहीत, पण केर्तीच्या शब्दाबाहेर त्या जात नाहीत. लारासचा पहिल्यांदा जमिनीला पाय लावायचा विधी आठवड्यावर आला होता आणि तो केर्तीच करणार होती. मी तिच्या घरी गेले, पाया पडले.

"सगळ्यांसमोर एवढंच सांगा, की पोर नीट चालायला लागेपर्यंत तिला गोड वर्ज्य आहे."

म्हातारीने तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात केली. "सांगते. माझं कोण मोडतंय?"

विधीच्या दिवशी अंगण भरलं. सात रंगांच्या चिकट भातावरून लारासचे पाय चालवले, उसाच्या शिडीवर तिला चढवलं. शेवटी पिंजरा आला. कोंबड्या झाकायचा बांबूचा मोठा पिंजरा, फुलं आणि कागदी पताका लावून सजवलेला. त्यात पोराला बसवायचं, पुढे वही, कंगवा, कात्री, सोन्याची अंगठी, पोथी मांडायची. पोर जे उचलेल ते त्याचं नशीब. लारास एकटी बसेना, म्हणून मलाही आत घातलं. मी गुडघे पोटाशी घेऊन बसले. वरून बांबू डोक्याला टेकत होते. फटींतून सगळ्या मावश्या-काकू गोड चहा पिताना दिसत होत्या.

लारास घाबरली आणि रडू लागली. मी तिला पदराआड छातीशी घेतलं. तिने पाठ ताठ केली, तोंड फिरवलं आणि किंचाळू लागली. बाहेर कुजबुज सुरू झाली. आणि मग फटीतून एक हात आत आला. सासूबाईंचा. हातात बाटली होती.

"गप्प होईल, न्दुक. तेवढ्यापुरतीच दे."

मी हात पुढे केला नाही. त्यांनी बाटली अंगठी आणि पोथीच्या मध्ये ठेवली. लारास माझ्या मांडीवरून उतरली, वही तुडवली, कात्री ओलांडली आणि दोन्ही हातांनी बाटली उचलली.

अंगण हसलं, टाळ्या पडल्या. "निवडलं गं पोरीने," कुणीतरी म्हणालं. "साखरेचं खाणार त्याला देव देणार." सगळ्यांनी केर्तीकडे पाहिलं. मीही पाहिलं. म्हातारीने माझी नजर चुकवली. या विधीत एकच नियम आहे आणि तो तिने आयुष्यभर गावाला शिकवलाय. ती हळूच म्हणाली, "उचललेलं काढून घ्यायचं नसतं. हिचं आयुष्य गोड आहे. ते अडवील, तो हिचं भाग्य अडवील."

म्हणजे आता तो डबा सासूबाईंचा हट्ट राहिला नाही. तो माझ्या मुलीचं नशीब झाला, आणि मीच ज्या बाईच्या पाया पडले होते तिनेच तो शिक्का मारला.

माझ्या डोक्यात काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. मी लारासच्या हातातून बाटली ओढली, बूच काढलं आणि सगळ्यांदेखत घटाघटा पिऊन टाकली. घसा चिकटला. पोर टाहो फोडत होतं. मला वाटलं, आता होऊन जाऊ दे. आता त्या ओरडतील, मी ओरडेन, आणि इतके दिवस पोटात साठलेलं सगळं एकदाचं बाहेर पडेल. मला ते भांडण भुकेसारखं हवं होतं.

सासूबाई पिंजऱ्यापाशी येऊन उकिडव्या बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अगं न्दुक, भूक लागली होती तर सांगायचं ना. सकाळपासून उपाशी आहेस आणि माझंच लक्ष नाही."

बायांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सगळं अंगण पुन्हा हसू लागलं. निंग्रुमही तोंडावर हात धरून हसली. सासूबाई लगबगीने आत गेल्या. परत आल्या तेव्हा एका हातात लारासची भरलेली बाटली होती, दुसऱ्यात माझ्यासाठी त्याच दुधाचा उंच ग्लास. दोन्ही त्यांनी फटीतून आत सरकवलं. लारास लगेच गप्प झाली. बाटली चोखताना ती माझ्याकडे बघत राहिली. ग्लास खाली ठेवायला तिथे जागा नव्हती. सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून बाहेर तशाच बसून होत्या, मी ग्लास संपवीपर्यंत हलणार नव्हत्या. मी तो तोंडाला लावला.

"पुरेसं गोड झालंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो, इबू," मी म्हणाले.